नोकरीत ख्रिस्ती विश्वास जगताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बरेच नवखे लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. नोकरी लागली की टेबलावर वचनाचं कार्ड, फोनच्या स्टेटसला स्तोत्र आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सहकाऱ्याला उपासनेचं आमंत्रण. यात गैर काही नाही, पण त्या सहकाऱ्याने तुमचं काम अजून पाहिलेलं नसतं. पुढे महिनाभर तुमची कामं रखडताना त्याने पाहिली, की तेच कार्ड तुमच्याविरुद्ध बोलू लागतं. म्हणून इथला क्रम वेगळा आहे: आधी काम, मग पैसा आणि शब्द, मग माणसं. विश्वासाबद्दल बोलणं त्यानंतर.

आधी कामाकडे नीट पाहा

उत्पत्ती 2:15 मध्ये देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. हे पतनाच्या, म्हणजे माणसाच्या पहिल्या पापाच्या, आधीचं आहे. काटे, घाम आणि कष्टाची निष्फळता तिसऱ्या अध्यायात येते. म्हणजे काम ही शिक्षा नाही. कामाला लागलेली कीड ही पतनाची देणगी. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ल आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता (कृत्ये 18:3), आणि त्या शिवणकामाला त्याने कुठेही कमी लेखलेलं नाही. रोजचा हिशेब, साफसफाई, कोडिंग, रुग्णाची पट्टी बदलणं यांपैकी काहीही ‘सेवे’च्या खालच्या दर्जाचं नाही, हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचं सोपं जातं.

कलस्सैकरांस 3:22-23 हे या विषयावरचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वचन: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, मालक बघतोय तेवढ्यापुरती तोंडदेखली चाकरी नको. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे मुळात दासांना लिहिलेलं आहे, ज्यांना नोकरी बदलण्याची सोय नव्हती, तुम्हाला आहे. दोन, दासांचा हा भाग संपताच पुढचं वाक्य धन्यांना आहे: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा. ते 4:1 म्हणून पुढच्या अध्यायात गेलं, कारण अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली आहे आणि इथे ती फारच गैरसोयीच्या जागी पडली. परिणामी पहिलं वचन ऐकवून फुकट जादा तास काम करून घेणारे साहेब भेटतात आणि दुसरं वचन कुणालाच आठवत नाही. दोन्ही एकत्र वाचा.

पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

1. आपलं काम नेमकं काय, किती वाजेपर्यंत आणि कुणाच्या हाताखाली, हे लेखी मिळवा. नेमणूकपत्र आणि कर्मचारी नियमावली पूर्ण वाचा. कार्यालयाचा ईमेल, सूचनाफलक आणि बैठकीची खोली खासगी किंवा धार्मिक गोष्टींसाठी वापरता येते का, हे त्यात बहुधा असतंच. नियम नसेल तर विचारा. गृहीत धरू नका.

2. रविवारच्या उपासनेचं आताच बोला. पाळ्यांचा तक्ता लागल्यावर शनिवारी रात्री केलेली विनंती म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी हिसकावणं. विनंतीसोबत मोबदला ठेवा: ‘रविवारी सकाळी 11 पर्यंत मला मोकळीक मिळाली तर बरं होईल. त्याबदल्यात संध्याकाळच्या किंवा इतर सुट्ट्यांच्या पाळ्या मी घेईन.’ हे वाक्य ‘मी ख्रिस्ती आहे, मला रविवार हवाच’ यापेक्षा कितीतरी लवकर मान्य होतं, आणि न्यायाचंही आहे. रुग्णालय, अग्निशमन, वीजपुरवठा अशा ठिकाणी रविवार कुणाच्या तरी वाट्याला येणारच. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी आहे (मार्क 2:27). तिथे मंडळीतली संध्याकाळची किंवा आठवड्याच्या मधली उपासना धरा. उपासनेसाठी खोटी आजारपणाची रजा टाकणं हा सगळ्यात विचित्र प्रकार, आणि तो दिसतो तितका दुर्मीळ नाही.

3. प्रार्थनेची वेळ ठरवा आणि ती स्वतःच्या वेळेतून काढा. कामाच्या वेळेत अर्धा तास बायबल वाचणं म्हणजे मालकाचा अर्धा तास घेणं.

प्रार्थनेला तीन जागा पुरतात. सकाळी निघण्यापूर्वी पाच मिनिटं: आज भेटणारी माणसं आणि अवघड वाटणारं एक काम, नावानिशी देवापुढे ठेवा. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर थांबलात तर दुपारपर्यंत काहीच आठवत नाही.

दुसरी जागा कामाच्या मध्ये, आणि तिचा उत्तम नमुना नहेम्या आहे. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे मद्य वाढणारा सेवक, होता. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याने किसलेव महिन्यात ऐकली आणि राजापुढे विषय निघाला तो नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. मधल्या काळात उपास आणि प्रार्थना. राजाने ‘तुझं मागणं काय’ म्हणून विचारलं तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या क्षणात त्याने प्रार्थना केली (नहेम्या 2:4) आणि लगेच मागण्या मांडल्या: किती दिवसांची रजा, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड. एका श्वासाची ती प्रार्थना चालली, कारण मागे चार महिन्यांची प्रार्थना होती आणि गृहपाठही झालेला होता. बैठकीत तयारीशिवाय जाऊन ‘पवित्र आत्मा सुचवेल’ म्हणणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

तिसरी जागा संध्याकाळची. इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात शिकवलेली दिवसाची उजळणी नोकरदारांना फार सोयीची आहे. पायऱ्या पाच: आभार, देवाकडे उजेड मागणं, दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्याचा एक निश्चय. दहा मिनिटं बस होतात. निश्चय नेमका हवा. ‘उद्या चांगलं वागेन’ हा निश्चय नव्हे. ‘उद्या दहाच्या आत लेखा विभागातल्या त्या बाईंना सॉरी म्हणेन’ हा निश्चय.

पैसा, वेळ आणि होय-नाही

गळती नेहमी बारीक असते. घरच्या कामाच्या पन्नास पानी प्रिंट, बसने जाऊन रिक्षाचं बिल लावणं, उशिरा येऊन वेळेवरची सही, सहकाऱ्याचं कार्ड मशीनला लावून देणं. ‘सगळेच करतात’ हे खरंही असतं. लूक 16:10 म्हणतं, जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, आणि व्यवहारात याचा अर्थ असा: मोठा गैरव्यवहार समोर येतो तेव्हा तुमची लहान बिलं कुणाच्या तरी हातात असतात. ‘तुझीही बिलं आम्हाला माहीत आहेत’ या एका वाक्याने पुष्कळ प्रामाणिक तोंडं बंद झाली आहेत. म्हणून बिलं पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठेवा. खर्च झाला त्याच दिवशी रक्कम, कारण आणि पावती एका जागी नोंदवा. महिनाअखेरीस आठवून लिहिलेला आकडा कायम वरच्या बाजूलाच सरकतो.

आधीच काही घेतलेलं असेल तर? गणना 5:7 प्रमाणे पाप कबूल करायचं, पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा. जकातदार जक्कयाने चौपट देऊ केलं (लूक 19:8), पण तो त्याच्या मनाचा मोठेपणा. रकमेचा अंदाज लिहून काढा, वरिष्ठांना सांगा, परत करण्याची रीत विचारा. गुपचूप खणात नोटा ठेवू नका. त्यातून दुसऱ्याच कुणावर संशय येतो. रक्कम मोठी असेल किंवा गुन्हा ठरण्यासारखं काही असेल तर आधी वकिलाशी आणि तुमच्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला. कबुली द्यायचीच आहे, पण ती दुसऱ्यांना ओढून भलत्याच खड्ड्यात नेणारी नको.

शब्दाचं तेच. ‘होय तर होय, नाही तर नाही’ (मत्तय 5:37) हे 17व्या शतकातल्या इंग्लंडच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी इतकं अक्षरशः घेतलं की न्यायालयात शपथ घ्यायलाही त्यांनी नकार दिला. दुकानदारांनी घासाघीस सोडून प्रत्येक मालाला एकच भाव ठेवला, कारण जो भाव आपल्याला घ्यायचाच नाही तो आधी सांगणं त्यांना खोटं वाटे. हल्लीच्या कार्यालयात याची खरी परीक्षा मुदतीच्या तारखेला होते. ‘शुक्रवारपर्यंत देतो’ म्हणताना मनात मंगळवार असेल तर मंगळवारच सांगा. मुदत चुकणार हे कळलं त्याच क्षणी कळवा. मुदत उलटून गेल्यावर नव्हे.

खोटं बोलायला किंवा चूक करायला सांगितलं तर

हा भाग सावकाश वाचा, कारण नवखे लोक इथेच एक तर मान डोलावतात किंवा पहिल्याच दिवशी राजीनामा फेकतात.

आधी वर्गवारी करा. एक, मला स्वतःला खोटं बोलायचं, चोरायचं किंवा कुणाचं नुकसान करायचं आहे. दोन, चूक दुसऱ्याची आहे आणि माझं काम तिला लांबून कुठेतरी जोडलेलं आहे. तीन, मला ते फक्त रुचत नाही. पहिल्याला नकार. तिसऱ्याला विवेकाचं नाव देऊ नका; कंटाळवाणं काम टाळण्यासाठी देवाला पुढे करणं बरं नव्हे. दुसऱ्यात मात्र विचार लागतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले तेव्हा त्याने ‘नोकरी सोडा’ म्हटलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, पगारात समाधानी राहा, एवढंच सांगितलं (लूक 3:12-14). अरामाचा सेनापती नामान याने तर संदेष्टा अलीशाला आधीच सांगून टाकलं की राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या दैवताच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं. अलीशा म्हणाला, शांतीने जा (2 राजे 5:18-19). प्रत्येक गुंतवळ्यातून बाहेर पडलंच पाहिजे असं बायबल म्हणत नाही.

मग पद्धत. दानीएलाचा पहिला अध्याय यासाठी पाठच करावा. यहूदातून बंदी म्हणून बाबेलला नेलेला हा तरुण. तिथलं शिक्षण त्याने घेतलं, परकं नावही चालवून घेतलं. अडला तो राजाच्या अन्नावर. म्हणजे प्रत्येक गोष्टीत न अडता त्याने एकच जागा निवडली. मुख्य अधिकाऱ्याला विनंती केली. तो घाबरला, तुमची तोंडं उतरलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल म्हणाला. दानीएलाने ती भीती खरी मानली, कारभाऱ्याकडे जाऊन दहा दिवसांची चाचणी मागितली, शाकभाजी आणि पाणी, आणि निकाल त्याच्यावरच सोपवला. तुम्हीही याच वाटेने जा:

1. खात्री करा. ‘यात नेमकं काय लिहायचं आहे, आणि का?’ असं विचारा. निम्म्या वेळा गैरसमज निघतो.
2. एकट्याने, बंद दाराआड बोला. चार लोकांत अडवलेला साहेब माघार घेत नाही.
3. त्यांची अडचण ओळखा: मुदत, वरचा दबाव, ग्राहक जाण्याची भीती.
4. तीच अडचण खरेपणाने सुटेल असा पर्याय हातात घेऊन जा.
5. मानलं नाही तर शांतपणे नकार द्या आणि त्याच दिवशी दोन ओळींची लेखी नोंद करा: तारीख, काय सांगितलं, तुम्ही काय म्हणालात.
6. त्याच्या वर तक्रारीची अधिकृत वाट असेल तर ती धरा. कुणाच्या जिवाला धोका असेल तर वाट पाहू नका.

चौथी पायरी सगळ्यात कामाची. ‘साहेब नाहीत म्हणून सांग’ असं सांगितलं आणि साहेब आतच असतील, तर ‘ते आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेते’ हे खरं आहे आणि साहेबांचं कामही होतं. यंत्राची तपासणी 1 तारखेला व्हायला हवी होती, झाली 3 ला, आणि आज 5 ला कुणी म्हणतं की 1 ची सही कर. तेव्हा वहीत असं लिहा: ‘तपासणी 3 तारखेस केली, नोंद 5 तारखेस’, आणि सही आजच्या तारखेची. उशीर लपला नाही, पण तपासणी झाली हेही लेखी आलं. बऱ्याच वेळा वरिष्ठांना एवढंच पुरतं. वही कोरी राहू नये, हीच त्यांची भीती असते.

नकाराची किंमत पडू शकते, हे मंडळीत फारसं कुणी स्पष्ट सांगत नाही. दानीएलाच्या कामात खोट सापडली नाही म्हणून शत्रूंनी त्याच्या प्रार्थनेवरच कायदा काढला (दानीएल 6:4-9). चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी शिल्लक बाजूला असेल तर ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळत नाही. ही शिल्लक साठवणं आध्यात्मिक तयारीचाच भाग समजा.

सहकारी

चहाच्या वेळची निंदानालस्ती थांबवायला प्रवचन देऊ नका. ‘तिला विचारलंस का?’ एवढा प्रश्न पुरतो, नाहीतर विषय बदला. स्वतःची तक्रार असेल तर मत्तय 18:15 ची पहिली पायरी: आधी एकांतात, त्याच माणसाशी. (छळ किंवा लैंगिक त्रास असेल तर ही पायरी लागू करू नका; थेट तक्रार समितीकडे किंवा अधिकाऱ्यांकडे जा. पीडित व्यक्तीला एकटीने समोर उभं करायला हे वचन वापरलं जातं, तो त्याचा गैरवापर आहे.)

आपल्या लोकांची खास खोड म्हणजे प्रार्थनेची विनंती म्हणून चहाडी करणं. ‘आमच्या ऑफिसातल्या अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचं घटस्फोटाचं चाललंय’ असं मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं, की त्या माणसाचं गुपित शंभर जणांकडे गेलं. त्याची परवानगी नसेल तर नाव, विभाग, आजार काहीच लिहू नका. देवाला पत्ता माहीत आहे.

माफी मागताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द गाळा. ‘काल बैठकीत मी तुझी कल्पना माझी म्हणून सांगितली. चुकलं. आज त्याच लोकांना ईमेल करून दुरुस्त करतो.’ काय केलं, चुकलं, आणि भरपाई काय: तीन वाक्यं.

आणि मंडळीतल्या ओळखीच्यांना नोकरीत घुसवू नका. उमेदवार ओळखीचा असेल तर निवड करणाऱ्यांना आधी सांगा आणि निर्णयातून बाजूला व्हा.

विश्वासाबद्दल बोलणं

1 पेत्र 3:15 मध्ये आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, तेही सौम्यतेने आणि आदराने. विचारणारा आधी आहे. तयारी म्हणजे तीन-चार वाक्यांचं, स्वतःच्या भाषेतलं उत्तर. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘ओझं मिळालं’ हे शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बोला, समोरच्याने विषय बदलला तर बदलू द्या. उपासनेचं आमंत्रण एकदाच. ‘बघू’ म्हणजे नाही.

एक मर्यादा मात्र कडक पाळा. ज्यांची पगारवाढ, गुण, उपचार किंवा कर्ज तुमच्या हातात आहे त्यांना स्वतःहून आमंत्रण देऊ नका. त्यांचं ‘हो’ मोकळं नसतं, आणि दबावाखालच्या होकारातून आलेला विश्वास कुणालाच नको आहे.

कुणी दुःखात असेल तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारा. हो म्हटलं तर खरंच करा, आणि चार दिवसांनी चौकशी करा. तिथेच करायची असेल तर एक मिनिट, हळू आवाजात. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका.

दुसऱ्यांच्या सणांचा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो. 1 करिंथ 10:27-28 मध्ये पौल सांगतो की जेवायला बोलावलं तर समोरचं खा, चौकशा करू नका. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. याचा अर्थ लावताना मंडळ्यांमध्ये फरक आहे, म्हणून तुमच्या पाळकांना आधीच विचारून ठेवा. शुभेच्छा देणं, सजावटीला हातभार लावणं, त्या दिवशी फोन सांभाळणं यात अडचण नसावी. पूजाविधीत सहभागी व्हायचं नसेल तर आयोजकाला आदल्या दिवशी हळूच सांगा. ऐन वेळी सगळ्यांसमोर हात मागे घेतला की तो अपमान ठरतो.

दुपारचा प्रार्थनागट सुरू करायचा असेल तर खोलीची परवानगी घ्या, वीस मिनिटांत संपवा, आणि व्यवस्थापनाविरुद्धच्या तक्रारींना तिथे जागा देऊ नका.

हाताखाली माणसं आली की

मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको, असं लेवीय 19:13 सांगतं. अनुवाद 24:15 त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यायला सांगतं. आजच्या भाषेत: लहान पुरवठादाराचं आणि कंत्राटी कामगाराचं बिल आधी मार्गी लावा, कारण मोठ्या कंपनीला महिनाभराचा उशीर सोसतो, त्यांना सोसत नाही. निर्गम 20:10 मधली विश्रांतीची आज्ञा दासदासींना आणि गुराढोरांनाही आहे. स्वतः उपासनेला बसून हाताखालच्यांना ‘हे आज संध्याकाळपर्यंत दे’ असा संदेश धाडला, तर ती आज्ञा अर्धीच पाळली. सुचलेलं लिहून ठेवा, सोमवारी पाठवा. धमकी देणं सोडा, असं इफिसकरांस 6:9 धन्यांना सांगतं. ‘नोकरी टिकवायची आहे ना?’ हेही त्यात येतं.

नोकरी सोडताना

ठरलेली पूर्वसूचना द्या आणि तेवढे दिवस पहिल्या महिन्यासारखंच काम करा. अर्धवट कामांची यादी करा: काय झालं, काय राहिलं, कुणाला विचारायचं, फाईल कुठे आहे. पासवर्ड, चाव्या, लॅपटॉप पोचपावती घेऊन परत करा. ग्राहकांची यादी किंवा कंपनीचे नमुने स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ नका, तुम्हीच बनवलेले असले तरी. बाहेर पडतानाच्या मुलाखतीत खरं बोला, पण पूर्वी तोंडावर न सांगितलेली तक्रार तिथे पहिल्यांदा काढू नका. ती आधी त्या माणसाला सांगा.